वॉशिंग मशीनवरचा गणपती

आमच्या सरांएवढा गरिबीचा शौकीन मानूस उभ्या बेंगळुरात दुसरा सापडायचा न्हाई. मी खरी गरिबी बघितलेली बाई हाय, म्हनून सांगते. निपानीकडं वखारीत तंबाखू चाळून चाळून माझ्या हातांना भेगा पडल्या त्या हयातीत मिटल्या न्हाईत. भाकरीसंगं कालवन असलं तर सन म्हनायचा. आन् एवढं असून दारात पावना आला की शेजारनीची चांगली चादर मागून आनायची, बाजल्यावर टाकायची, आन् आमचं बरं चाललंय म्हनायचं. गरीब मानूस गरिबी झाकतो. आमचे सर ती धुऊन, खळ घालून, खुंटीला टांगून ठेवायचे.

खोटं सांगत न्हाई. देनगीदार यायचे असले की घालायचा त्यांचा येक शर्ट ठरलेला हुता. कॉलर विरलेली, खिशाची शिवन उसवलेली. येका दिवाळीला बायकोनं त्यांना नवा शर्ट घेतला, तर सर तो माझ्याकडं घेऊन आले. म्हनले, "अक्का, ही कॉलर स्वल्प दगडावर घासा. फाटायला नको, विरली पाहिजे." मी म्हनलं, "सर, नवं कापड हाय, पाप लागंल." तर म्हनले, "पाप ट्रस्टच्या नावावर घ्या, पावती मी फाडतो." घासला मग. काय करनार, पगार तेच देत हुते.

ट्रस्ट म्हंजी काय, तर जयनगरात भाड्यानं घेतलेलं येक जुनं घर. बाहेरगावची मानसं कॅन्सरच्या इलाजाला शेहरात येतात, महिना महिना ऱ्हावं लागतं, लॉज परवडत न्हाई. त्यांची हितं फुकट सोय. आमच्या मालकांच्या घशात गाठ निघाली तवा आमी दोघं असंच पिशवी घेऊन ह्या दारात आलो. मालक ऱ्हायले न्हाईत. गावाकडं माझी वाट बघनारं कोन न्हवतं, मी हितंच भाकऱ्या थापाय लागले. किती रडले ते इचारू नका. रोज टोपलंभर कांदे चिरायचे असले म्हंजी रडायला येगळा येळ काढावा लागत न्हाई.

सर पैल्यांदा हितल्याच बेळ्ळंदूर भागात कंपनीत मोठे साहेब हुते. त्यांचं घरानं फार जुन्या काळी हिकडं आलेल्या मराठ्यांतलं, त्यामुळं त्यांची मराठी म्हंजी निम्मं जेवान आमच्याकडचं आन् निम्मं कन्नडचं. आईच्या आजारपनात त्यांनी दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपलेली मानसं बघितली आन् नोकरी सोडून हे घर उघडलं. नोकरी सोडली, पन पोट सोडता येत न्हाई. म्हनून ट्रस्टचा पगार घ्यायचे. आधीच्या मानानं चिल्लरच, पन पगार. आन् ह्या पगाराची त्यांना अशी लाज वाटायची, की जशी कोनाची कोंबडी मारून खाल्लीय.

त्याला कारन हुतं. बायकोच्या माहेरी लगीन हुतं, तिथं पंगतीत कोन येक मेव्हना म्हनला, "काय हो, समाजसेवेला पगार असतो? मग आमी बँकेत करतो ती पन सेवाच की." सगळी पंगत हसली. सरांनी तवापासनं पंगतीला बसायचं सोडलं. मला म्हनले, "अक्का, सेवा करणारा माणूस उपाशी दिसला की लोक पाया पडतात. जेवताना दिसला की ताटात किती आहे बघतात."

देनगी देनाऱ्यांचंही तसंच. मानसं वाईट न्हवती. तांदूळ देतील, बिस्किटं देतील, ब्लँकेटं तर इतकी, की आमच्याकडं पेशंट कमी पडतील पन ब्लँकेटं कमी पडायची न्हाईत. पन येक बोलनं ठरलेलं: "आमचा पैसा सरळ पेशंटला गेला पाहिजे. मधे कुठं अडकायला नको." मधे म्हंजी आमी. मधे मी, मधे हिशेब बघनारे अण्णा, मधे पेशंट बघनारी सिस्टर, आन् सगळ्यांच्या मधोमध सर.

म्हनून सरांनी गरिबी धरली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागं लिवायचे. पेन्सिल इतकी बारकी व्हायची की चिमटीत धरली तर दिसायची न्हाई, वाटायचं मानूस बोटानंच लिवतोय. देनगीदाराच्या चहात दूध घालायचं न्हाई, घातलं तर दिसंल इतकं न्हाई. कंपन्यांत पैसे मागायला जायचे तर रिक्षा लांब सोडून उन्हातनं चालत जायचे, घाम दिसला पाहिजे म्हनून. येकदा बेळ्ळंदूरच्या येका गेटावर वॉचमननं त्यांना झाडूवाल्यांच्या रांगेत हुबं केलं. दुसऱ्या कोनी भांडन काढलं असतं. आमचे सर संध्याकाळी हसतच आले, "अक्का, आज शर्ट पास झाला."

आता मशीनचं सांगते. पेशंटांच्या चादरी मी हातानं धुवायचे. कशानं कशानं भरलेल्या असायच्या ते जेवतानं सांगू नये. सोड्यानं माझ्या भेगा उकलायच्या, भाकरी थापताना पिठाला लाल डाग लागायचा. सरांनी येकदा तो डाग बघितला. दुसऱ्या दिवशी टेंपोतनं कपडे धुवायचं मशीन आलं. मला वाटलं कोनी दिलं. तर न्हाई, ट्रस्टच्या पैशानं घेतलेलं. पैल्याच महिन्यात येक देनगीदार बाई आल्या, मशीनवर टकटक करून म्हनल्या, "बरंय, मजा आहे तुमची." बास. त्या बाई परत आल्या न्हाईत. तवापासनं कोन यायचं असलं की सर मशीनवर चादर टाकायचे, चादरीवर पाट, पाटावर गणपतीचा फोटो, फोटोला हार, पुढं नारळ आन् बारकी पितळी घंटी. देवाला हात लावून कोन बघतंय?

आन् आता सिस्टर. सिस्टर बिदरकडची, मराठी बोलनारी, जिभेनं तिखट. आमच्या मालकांच्या शेवटच्या दिवशी ती दुपारभर त्यांच्या उशाला बसली. कापसानं ओठ ओले करत हुती, आन् त्यांना येंदा तुरीला काय भाव लागला ते सांगत हुती. मालक तुरीच्या भावावर डोळं मिटून हूं हूं म्हनत गेले. मला तवा येक ब्लँकेट पन मिळालं हुतं. त्याचा रंग इचाराल तर आठवत न्हाई.

तर ह्या सिस्टरला येका नव्या मोठ्या दवाखान्यानं बोलावलं. पगार दुप्पट. तिचा भाऊ शिकत हुता, आई पडून हुती, ती तरी काय करनार. सरांना म्हनली, "महिनाअखेर सांगते." सिस्टर गेली तर नळी लावलेले पेशंट ठेवता यायचे न्हाईत, म्हंजी ते पुन्ना फुटपाथवर. त्याच महिन्यात येका कंपनीची मॅडम बघायला येनार हुती. कंपनीनं वर्षाचं धान्य आन् औषध उचललं, तर वाचल्यातनं सिस्टरला वाढवून द्यायचं, असं सरांच्या मनात. सिस्टरसाठी म्हनून सरळ मागायची छाती व्हत न्हवती.

त्या दिवशी सरांनी गरिबीचा कळस केला. नुसतं मशीन झाकून भागलं न्हाई, मानसं झाकली. पगारी मानसं लई दिसाय नकोत म्हनून हिशेबाच्या अण्णांना गळ्याला मफलर गुंडाळून रिकाम्या खाटेवर निजवलं. सिस्टरला म्हनले, "कोट काढ, अक्कांची साडी नेस, आणि त्या नळीवाल्या गदगच्या काकांजवळ त्यांची पुतणी म्हणून बस."

सिस्टर बघतच ऱ्हायली. "मी काय चोरी केलीय का सर?"

"नाही ग. पण तू खर्चात दिसतेस."

सिस्टरनं माझी साडी नेसली. पदर असा खोचला की मला वाटलं, ही संध्याकाळपर्यंत ऱ्हात न्हाई.

मॅडम आली. पोरसवदा, हसरी. संगं सूटबूटवाला येक साहेब. सर विरल्या कॉलरीत हात जोडून पुढं. खाटा दाखवल्या. अण्णा खाटेवर खरंच झोपले हुते आन् घोरत हुते. मॅडमनं हळूच इचारलं, "यांना काय झालंय?" सर म्हनले, "बरे होतायत."

मागच्या पडवीत गणपती. आता माझं काम असं, की मळलेली चादर मी दुपारपर्यंत ठेवत न्हाई, मग राष्ट्रपती येवोत. सकाळी सरांची पाठ वळल्यावर मी मशीन भरून चालू केलेलं. पानी फिरत हुतं तवर ठीक हुतं. मॅडम देवापुढं हुबी ऱ्हायली, डोळं मिटलं, आन् नेमकं मशीन पिळायला लागलं. पाट थरथर, फोटो थरथर, हार हलाय लागला, घंटी आपोआप वाजाय लागली. नारळ गडगडत येऊन साहेबांच्या पायापाशी थांबला. साहेबांनी बूट काढले. मॅडम डोळं न उघडता म्हनली, "किती जागृत आहे." सरांचं तोंड बघवत न्हवतं. ते आपले गणपतीला दाबून धरून हुबे, जशी आरती अंगात आलीय.

तेवढ्यात आतनं आवाज आला. गदगच्या काकांच्या गळ्यातल्या नळीत कफ अडकला हुता. मानूस निळा पडाय लागला. कफ ओढायचं यंत्र ब्लँकेटांच्या थप्पीमागं गेलेलं, ब्लँकेटं दिसावीत म्हनून पुढं मांडलेली. सिस्टरनं थप्पी येका हातानं जमिनीवर उलथली, यंत्र ओढलं, नळी घातली. "काका, माझ्याकडं बघा. हितं बघा. झालंच." काकांचा श्वास आला. साऱ्या घराचाच आला म्हना. सिस्टर माझ्या साडीत, घामानं चिंब, पायाखाली सगळी ब्लँकेटं.

मॅडम म्हनली, "यांची पुतणी नर्स आहे का?"

सरांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर सरांकडं बघत हुती. मग सर म्हनले, "मॅडम, ही पुतणी नव्हे. ही आमची सिस्टर. पगार घेते, कमी घेते, म्हणून सोडून चालली आहे. ते घोरतात ते आमचे हिशेबनीस, तेही घेतात. अक्का घेतात. मी पण घेतो. आणि देवाखाली वॉशिंग मशीन आहे."

साहेबांनी बूट परत घातले.

मॅडमनं येवढंच इचारलं, "मग मशीन का झाकली?"

"तुम्ही येणार म्हणून," सर म्हनले.

मी चहा आनला, ह्या खेपेला दूध घालून, भरून लोटा. मॅडम सगळा प्याली. जातानं म्हनली, "मी वर बोलून बघते. पण आमच्याकडं पगाराला पैसे द्यायची पद्धतच नाही हो." खरंच बोलली असंल ती, पोरगी चांगली हुती. पंधरवड्यानं कंपनीचा टेंपो आला. आत ब्लँकेटं हुती.

सिस्टर टेंपोकडं बघून हसाय लागली ती थांबंना. मला म्हनली, "आज्जी, सरांनी मला सगळ्यांदेखत सिस्टर म्हटलं, त्यात माझं निम्मं भागलं. पण निम्म्यावर भाऊ शिकत नाही." सरांनी ते ऐकलं हुतं. आठवडाभर ते पेन्सिल चावत बसले, आन् येक दिवस म्हनले, "अक्का, मी परत बेळ्ळंदूरला जातो." जुन्या कंपनीनं घेतलं त्यांना. सरांचा पगार वाचला, वर ते तिथनं दर महिन्याला पैसे पाठवतात, फक्त पगारासाठी म्हनून लिवून. सिस्टर ऱ्हायली. गदगचे काका बरे हून आपल्या पायानं गावाला गेले. सर तेवढे हितनं गेले.

आता एचएसआर लेआउटकडनं येक मॅनेजर पोरगी येते. हुशार हाय. मागच्या रविवारी घाईघाईनं म्हनली, "आज्जी, मोठे देणगीदार येतायत, मशीन झाका." मी चादर टाकली, देव मांडला. दारात गाडी थांबली, आन् इस्त्रीच्या कडक शर्टात सर उतरले. सरळ पडवीत आले. देव थरथरत हुता.

"आत काय आहे अक्का?"

"नव्या पेशंटच्या चादरी."

"सरी," म्हनले, म्हंजी कन्नडात बरं, आन् हात जोडून हुबे ऱ्हायले. मशीन थांबंपर्यंत हलले न्हाईत. मॅनेजर पोरगी माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं.

चहा दिला, दुधाचा, भरून. प्यायले. मग नजर खुंटीकडं गेली. तो शर्ट तिथंच हाय. मी अधनंमधनं धुते, खळ घालते, टांगते. कॉलर आता आपोआप विरलीय, दगडाची गरज न्हाई.

"टाकून द्या की अक्का तो."

"न्हाई सर," मी म्हनलं. "परत यायचं मनात आलं, तर घालाय काय तरी लागंल."

सर हसले. गाडीपर्यंत जातानं नव्या शर्टाची कॉलर मातर बोटानं चाचपत हुते.