फटफटीवरचे पांढरे ठिपके

सकाळचं कोवळं ऊन अंगणातल्या कडुनिंबातून गाळून खाली यायचं आणि दिगूकाकाच्या फटफटीच्या काळ्या टाकीवर पडायचं, तेव्हा त्या टाकीवर जणू कुणी ताक घुसळताना शिंतोडे उडवले असावेत, असे असंख्य पांढरे ठिपके उजळून दिसत... लहान, मोठे, काही एकमेकांत मिसळलेले, काहींच्या कडा ठळक आणि मधला भाग पोकळ. मी नखाने एखादा ठिपका खरवडायची आणि हळूच जिभेवर ठेवायची. तो खारट लागायचा. आमच्या गावात तसं सगळंच खारट लागायचं.

शेगावच्या उत्तरेला, पूर्णेच्या काठावर आमचं गाव. त्या साऱ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर आणि उदार. माघ महिन्यात आमच्या घराची एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असे, आणि सरकीचा तो कोंदट, उबदार, किंचित तेलकट वास आमच्या अंथरुणांना, कपड्यांना, केसांनादेखील लागलेला असे. पण कुठेही विहीर खणा, खाली खारं पाणी. अंघोळ करून अंग वाळलं की कातडीवर पांढुरका थर बसायचा, साबणाला फेस म्हणून येत नसे, चहात दूध घातलं की चहा फाटायचा, म्हणून आम्ही कोराच प्यायचो, आणि माठाच्या पोटावर बाहेरून मीठ फुलायचं. आम्हा मुलांना यात काही वावगं वाटत नसे. पाणी म्हणजे असंच असतं, अशी आमची समजूत होती.

वावगं वाटायचं ते घाटावरच्यांना. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन तुकडे — घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर विहिरींना गोडं पाणी. तिकडचे लोक आमच्या कापसाला नावं ठेवत नसत, आमच्या जमिनीकडे तर हेव्याने पाहत, पण सोयरिकीची गोष्ट निघाली की चेहरा लांब करून म्हणत, "खाऱ्या पाण्यात पोरगी कोण ढकलील?" बाबांचा धाकटा भाऊ, माझा दिगूकाका, मॅट्रिक झालेला, उंचापुरा, हसरा. त्याची घाटावरची एकामागून एक स्थळं या पाण्यापायी मोडली होती. बाबांना तो अपमान फार झोंबला होता. खारपाणपट्ट्यातल्याच एखाद्या गावची मुलगी त्यांना सहज मिळाली असती, पण आता त्यांनी हट्टच धरला होता : सून आणीन तर घाटावरचीच.

फटफटी काकाने मलकापूरच्या एका कापूस दलालाकडून जुनी घेतली होती. तिच्यावर त्याचा जीव होता... किती, तर रोज सकाळी उठल्याबरोबर विहिरीचं पाणी शेंदून तो तिला न्हाऊ घालायचा, मग तशीच उन्हात उभी करून भाकरी खायला घरात यायचा. तो जितकी धुवायचा तितके तिच्यावर ठिपके वाढत. मग तो आणखी मन लावून धुवायचा. निकेलची हँडलं पांढरी पडली, दिव्याच्या काचेवर साय धरली, तरी रोजच्या अंघोळीनेच हे होतंय हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. तो दलालाला शिव्या द्यायचा, रंगच हलका म्हणून.

फाल्गुनात घाटावरच्या डोणगावकडचं एक स्थळ आलं. काका मुलगी पाहून आला आणि दोन दिवस धड जेवला नाही. आईने त्याची अशी थट्टा केली, की तो कापसाच्या खोलीत जाऊन बसला. आता मुलीचे वडील आमचं घर पाहायला येणार होते. त्याआधी निरोप घेऊन आलेल्या नातलगाने ओसरीवर बसून विचारलं, "बाकी समदं ठीक हाय, पण पाणी कसं हाय तुमच्याकडं?" बाबा सुपारी कातरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "गोडं हाय. पाण्याची फिकीर नका करू." मी दारातच उभी होते. आई चुलीपुढे होती, तिनेही ऐकलं. बाबा खोटं बोललेले मी तोवर कधी ऐकले नव्हते, म्हणून मला आधी वाटलं की मोठ्या माणसांच्या बोलण्यात गोड्या पाण्याचा काही वेगळा अर्थ असेल.

मग सारं घर त्या एका शब्दाला खरं करायच्या कामाला लागलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आमची बैलगाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला गेली आणि सकाळी पिंपं भरून गोडं पाणी घेऊन परत आली. मिठाने फुललेले जुने माठ गोठ्यामागे लपवून नवे माठ मांडले गेले. "या पाण्याले कोणी हात लावाचा नाही," असं बाबांनी आम्हाला बजावलं. आणि मग त्यांची नजर अंगणातल्या फटफटीवर गेली.

"अबे दिगू, हे काय?" ते ओरडले. "आपण तोंड बंद ठेवलं तरी हे गाडीच सांगन ना पाणी कसं हाय ते!"

काका आधी राख घेऊन धावला. आईने त्याला अडवलं. "राखेनं रंग निघन भाऊजी तिचा. चिंच लावा." तांब्याची भांडी आमच्याकडे चिंचेनेच उजळत. नुकतीच झाडावरून उतरवलेली नवी चिंच होती, तिचा कोळ काढला, आणि आईच्या जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे घेऊन काका आणि मी कडुनिंबाच्या सावलीत बसलो. तो टाकीला भिडला, मी चाकाच्या तारांना. कोळ लावायचा, क्षणभर थांबायचं, ठिपका मऊ पडला की हलक्या हाताने पुसायचा... खाली तो लपलेला काळा रंग ओला, तजेलदार उघडा पडायचा. आंबट वास नाकात चढायचा, बोटांच्या चिरा झोंबायच्या. पण धुवायचं कशाने? विहिरीचं पाणी लावलं की पुन्हा तेच. शेवटी बाबाच पिंपातली एक बादली भरून घेऊन आले. आम्हाला ज्या पाण्याला हात लावायची बंदी, त्याने फटफटी धुतली गेली. काकाने पुढे केलेली एक ओंजळ मी प्यायले आणि मला ते पाणी अळणी लागलं.

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "भाऊजी, डाग काढून राह्यले, काढा. पण त्या पोरीले सांगा तरी."

काकाचा हात थांबला. "सांगतो वहिनी. लगन तं होऊ द्या."

मग आम्ही थेंबन् थेंब टिपून घेतला, वरून खोबरेलाचं बोट फिरवलं. फटफटी अशी झाली, की टाकीत मला माझे दात दिसले.

मुलीचे वडील साधे, उन्हाने रापलेले शेतकरी होते. त्यांनी तांब्याभर पाणी वरून प्यायलं, तोंड पुसलं, समाधानाने मान हलवली. गोठा पाहिला, कापसाची खोली पाहिली. आणि निघता निघता फटफटीपाशी थांबून त्यांनी टाकीवरून हात फिरवला. "गाडीला येवढं जपतंय पोरगं," ते म्हणाले, "तं माझ्या लेकीला काय कमी पडू द्यायचं नाही." काकाचा चेहरा पडला. त्याने तोंड उघडलं — मी अगदी शेजारी होते, मी पाहिलं — पण तेवढ्यात बाबा मोठ्याने हसले, पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बैलगाडीकडे घेऊन गेले, आणि काकाने तोंड मिटलं. मी मात्र फुलून गेले होते. त्या चकचकीत तारा माझ्या होत्या ना!

काकू आली वैशाखात. लग्नघरात आठवडाभर पायथ्याचं पाणी येत राहिलं आणि मग एके दुपारी संपलं. माणसं पांगली होती, मोठी माणसं झोपली होती, ओसरीवर झळा येत होत्या. काकूने मला पाणी मागितलं, मी गोठ्यामागून परत आणलेल्या माठातलं दिलं. पहिला घोट तिने तोंडात तसाच धरून ठेवला. मग गिळला.

"हे कुठलं पाणी गं?" ती म्हणाली.

"आपल्या विहिरीचं."

"आणि कालपर्यंत होतं ते?"

मला तर सांगायची हौसच होती. गाडी कशी गेली, पिंपं कशी आली, माठ कसे लपवले, आणि "तुझे बाबा येनार म्हनून काकानं आन मी फटफटीले चिंच लावली, सारे डाग काढले, गोड्या पाण्यानं धुतली!" सगळं मी एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पेलाभर पाणी संपवलं, पेला विसळून जागेवर ठेवला आणि पदर सारखा करून तांदूळ निवडायला बसली. नवऱ्याला, सासरच्या कुणालाही ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. तिचे वडील दिवाळीला आले, एक घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला, लेकीकडे पाहिलं, आणि त्यानंतर जन्मात कधी आमच्या घरी पाणी प्यायले नाहीत. काकाने फटफटी धुणंच सोडून दिलं. कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि पुढे एका उन्हाळ्यात विकून टाकली.

वर्षं गेली. मी लग्न होऊन अमरावतीला आले. काकूचे केस राठ झाले, बोली पार आमची झाली, आणि तिचा मुलगा सुधीर लग्नाच्या वयाला आला. त्याच्यासाठी स्थळ आलं तेही घाटावरचंच! मी तेव्हा माहेरी होते. घर पाहायला मुलीचे आईवडील आले. बाबा म्हातारे झाले होते, पण त्यांनी पहाटेच ट्रॅक्टर पाठवून गोडं पाणी आणवलं होतं. आम्हा कुणालाही त्यात काही खटकलं नाही, हे आज लिहितानाही कान तापतात. आम्ही शिकलेसवरलेले, आम्हीसुद्धा.

काकू पाण्याचं तबक घेऊन बाहेर आली आणि तिने पहिला पेला मुलीच्या आईच्या हातात दिला. त्या बाईने घोट घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"हे आमच्या विहिरीचं हाय, ताई," काकू म्हणाली. "रोजचं. पह्यले हे पिऊन पाहा, मंग पोरगी द्याची का नाही ते ठरवा. मले कोणी पाजलं नोतं."

आवाज चढलेला नव्हता. बाबा काठी शोधत उठले आणि अंगणात निघून गेले. पाहुणे भले होते, थोडा वेळ बसले, पावसापाण्याचं बोलले, न जेवता निघाले. ते स्थळ गेलं. सुधीर आईशी महिनाभर बोलला नाही; दोन वर्षांनी त्याने शेजारच्याच गावातली मुलगी केली, आमच्यासारखंच पाणी पिऊन वाढलेली.

आता बाबा नाहीत, काकाही नाही. गावात आठवड्यातून कधीतरी नळाला गोडं पाणी येतं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्या संध्याकाळी मात्र एकदा कुणीतरी बोललं होतं. पाहुणे गेल्यावर दिगूकाका ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता, काकू पेले उचलत होती, आई आणि मी दाराशी. काका तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं."

काकूने पेले तबकात ठेवले.

"हाव," ती म्हणाली, "सांगाले पाह्यजे होतं."

ती आत गेली तरी आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.