अंधारात गाळलेलं पाणी

प्रयोगशाळेत सगळे तिला घुबड म्हणायचे. तिला राग येत नसे. "घुबडाला निदान अंधारात दिसतं, तुम्हाला तर उजेडातही नाही," असा टोमणा उलट आम्हालाच मिळायचा. मी होडी चालवायचो, ती खाडीचं पाणी काढायची आणि अंधाऱ्या खोलीत मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली कागदी चकत्यांतून गाळायची. चकतीवर उरायचा तो हिरवट डाग म्हणजे समुद्रातल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. ऊन लागलं की तो रंग उडतो, म्हणून प्रत्येक चकती ती चंदेरी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायची.

हे तिनं धाकट्या भावाला मोठ्या कौतुकानं समजावलं होतं. आई गेल्यावर तिनंच त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून या वनस्पती अंगात जास्त रंग भरतात आणि मिळेल तेवढा प्रकाश शोषून अन्न बनवतात. उन्हाळ्यात प्रकाश भरपूर, मग रंग कमी. यंदा मात्र भर उन्हाळ्यात डाग गडद आले. तळ उपसणाऱ्या जहाजानं पाणी इतकं गढूळ केलं होतं की खाली ऊन पोचतच नव्हतं. उपाशी माणूस ताट चाटूनपुसून खातो, तशी त्यांची गत झाली होती. सरकारी तपासणीत चकत्यांवरून हे सिद्ध झालं की जहाजाचं काम थांबणार होतं. आणि भाऊ त्याच जहाजावर कामाला होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी तो पहार घेऊन आला.

"ताई, फ्रीजरची किल्ली दे."

"घरी जा. जेवून घे आधी."

त्यानं पहार तिच्या खांद्यावर हाणली. हाड मोडलं. तिची किंकाळी मला खाली धक्क्यावर ऐकू आली. मी होडी तशीच सोडून पायऱ्यांकडे धावलो. तेवढ्यात कुलूप तोडून त्यानं पुड्या अंगणात आणल्या आणि कागद फाडून चकत्या तापल्या फरशीवर भिरकावू लागला. आपण शिकवलेलंच त्यानं आपल्यावर उलटवलं, हे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार. तिचा एक हात लोंबत होता. दुसऱ्यात पाण्याची बाटली बुडवायचं पितळी वजन होतं.

पहिला घाव त्याच्या बरगडीवर बसला. त्यानं वळून तिच्या तोंडावर ठोसा मारला, दोन दात पडले. दुसरा घाव तिनं त्याच्या कानशिलावर घातला. तो कोसळला. कानातून रक्त वाहू लागलं.

"ताई..." तो म्हणाला.

ती गुडघ्यांवर बसली, पण त्याच्याजवळ नाही. रक्ताळलेल्या तोंडानं, एका हातानं एकेक चकती उचलून पदराखाली घेत राहिली. मी त्याच्या कानावर फडकं दाबून ओरडत होतो, "अगं, त्याला बघ! मला एकट्याला उचलवत नाही!" तिनं मान वर केली नाही. शेवटची चकती फ्रीजरमध्ये गेली, तेव्हा कुठे ती त्याच्याकडे धावली.

निम्म्या चकत्या वाचल्या. जहाज थांबलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर त्याचं अंग लुळं पडलं नसतं.

मी भेटायला गेलो तेव्हा ती त्याला भरवत होती. त्यानं मला विचारलं, "ती आधी कुठं धावली, पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

तिनं पुढचा घास त्याच्या तोंडाजवळ नेला. त्यानं तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.