तारमास्तरांनी जपलेला ‘सीरियस’

सोमवार, १९५४ चा उन्हाळा, सकाळी दहा. समुद्रपूरचे तारघर. हजर : खिडकीच्या आत तारमास्तर, बाहेर मी, माझ्यामागे वांग्यांची टोपली घेतलेले महादेवकाका. गैरहजर : आई, तीन दिवस अंथरुणावर, आणि धाकटा भाऊ, जबलपूरला कारखान्यात.

तारमास्तर ‘सीरियस’ हा शब्द सहजी जाऊ देत नसत. इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्यालाही आमच्याकडे तो शब्द यायचा. मुलाला रजा मिळत नाही, घाला सीरियस. मुलगी दाखवायची आहे, घाला सीरियस. मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “सीरियस म्हणजे मानूस हातचा चालला. तुमची बुढी तर आत्ता बाजारात मेथी निवडून राह्यली होती!” रांग हसायची. मास्तर हसत नसत. “पाठवतो, माझं कामच हाये ते. पन खरी येळ आली, तं कोन्ता शब्द आनसान?”

ती वेळ माझ्यावर आली. याआधी दोनदा मीच भावाला ‘आई सीरियस’ कळवून बोलावले होते. एकदा मुलगी पाहायला, एकदा शेताच्या वाटणीला. दुसऱ्या वेळी तो दारातच म्हणाला, “आता अशी तार आली तं मी येनार नाई, ताई.”

मी फॉर्मवर पुन्हा ‘आई सीरियस’च लिहिले. मास्तरांनी वाचले.

“बाई, खरं?”

“खरं. पानी पोटात ठरत नाई. त्याचंच नाव घेऊन राह्यली.”

“तो मानंन?”

मी खिडकीचे गज धरले. “मास्तर, दुसरा शब्द द्या. तुम्हाले इंग्रजी येते.”

“दुसरा नाई, बाई. हाच होता.”

“माझी तार नंतर घ्या,” महादेवकाका हळूच म्हणाले. “हिचं पहिले पाहा.”

मास्तरांनी फॉर्म ओढला. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव होते. ते खोडून त्यांनी स्वतःचे लिहिले आणि यंत्राशी बसले.

मंगळवारी संध्याकाळी भाऊ जाम गावापासून पायी आला. आईने त्याला ओळखले, त्याच्या हातून दोन घोट पाणी घेतले. बुधवारी सकाळी ती गेली.

“तुझ्या नावावर नसतो आलो, ताई,” भाऊ म्हणाला. “खाली मास्तरांचं नाव होतं.”

तेरावे उरकून तारघरात गेले, तर खिडकीत दुसरेच गृहस्थ. मास्तरांची बदली झालेली. कुठे, ते या गृहस्थांना ठाऊक नव्हते.

तेव्हापासून कामांची वही संपली की नवीतली पहिली ओळ मी जुनीवरून उतरवते : मास्तरांना कळवणे, भाऊ वेळेवर पोचला.