द्वारकेजवळचं हॉटेल आणि कुसुमकाकू

नाशकात हॉटेलात उतरायचं हे आईनेच ठरवलं. बाबा गेल्यावर इंदिरानगरचा फ्लॅट विकून मी तिला पुण्याला आणलं होतं. त्यानंतर ती पहिल्यांदाच तिकडे निघाली होती. मी म्हटलं, "एवढी ओळखीची घरं आहेत की!" तर म्हणाली, "कोणाकडे उतरलं की त्यांच्या सुनेच्या पोळ्या वाढतात. नको."

वाकडेवाडीहून सकाळची एसटी घेतली. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत दुपारी नाशकात द्वारका चौकात उतरलो. हॉटेल तिथून चालत जाण्यासारखं होतं, खोली नाश्त्यासकट दोन हजारांच्या आत. चादरी स्वच्छ, लिफ्ट चालू, गरम पाणी फक्त सकाळी. जाणार असाल तर मागच्या बाजूची खोली मागा, पुढे हॉर्न फार. आईच्या आधारकार्डावर अजून जुनाच पत्ता. मॅनेजर म्हणाले, "आजी, तुम्ही तर इथल्याच!" आई नुसती हसली.

जेवून रिक्षाने इंदिरानगरला गेलो. आमच्या गॅलरीला आता काचा लागल्यात. कपडे वाळत घालताना आई जिथे उभी राहायची, तिथे एसीचं खोकं. ती खालूनच बघत होती, तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन कुसुमकाकू आल्या. समोरच्या दारातल्या शेजारीण, मूळच्या नामपूरच्या. माझं अर्धं लहानपण त्यांच्या ओट्यापाशी गेलं.

"सुलभा! कधी आलीस? सामान कुठंय?"

"हॉटेलात उतरलोय," आई म्हणाली आणि हॉटेलचं नाव सांगितलं.

काकूंचा चेहरा उतरला. "हॉटेलात? मी जिवंत असताना?" आणि त्या चक्क जिना चढून गेल्या. वर या म्हणाल्या नाहीत.

खोलीवर आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी मागवलेली कॉफी गार झाली. "तिच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं," ती म्हणाली, "म्हणून कळवलं नाही गं."

संध्याकाळी खालून फोन आला, एक आजी आल्यात म्हणून. दारात काकू, हातात डबा.

"बघू दे तरी काय ठेवलंय तुझ्या हॉटेलात." त्यांनी बाथरूम बघितलं, गादी दाबली, पडदा सरकवला. मग पलंगावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मस्त शे!" रागावल्या किंवा खूश झाल्या की त्यांची अहिराणी बाहेर येते. आई हसली, मग रडली, मग दोघींनी डबा उघडला. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी.

काकू राहिल्या. मॅनेजरांनी थोडे जास्तीचे पैसे घेऊन एक गादी दिली, ती माझ्या वाट्याला आली. खाली पडून मी त्यांचं बोलणं ऐकत होते. माझ्या आठवणीत या दोघी कायम उभ्या. जिन्यात, गॅलरीत, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. इतक्या वर्षांत त्यांना निवांत बसून गप्पा मारताना मी पाहिलंच नव्हतं.

सकाळी नाश्त्याला पोहे, इडली, चहा. काकू टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. "कोणीतरी आणून देतंय," त्या हळूच म्हणाल्या, "बघ ना."

परत येऊन आता आठवडा झाला. मला अजून ती काच लावलेली गॅलरीच दिसते. आईला मी विचारलं, "घर बघून वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "पण कुसुम म्हणतेय, थंडीत परत जाऊ. तीच खोली." वर म्हणाली, "तू नाही आलीस तरी चालेल."