नागपूरच्या मशीनसाठी कापलेली नावं

दोस्तहो, आज दुपारी सुनंदा साहेबांच्या बाजूने बोलली आणि माझं सगळं बदललं. तिच्याजवळ बसता यावं म्हणूनच कॉलेज सोडून मी या कॉम्प्युटरच्या नोकरीत आलो होतो.

धरणात बुडणाऱ्या गावांतल्या लोकांची नावं आम्ही मोबदल्यासाठी फ्लॉपीवर नागपूरला पाठवतो. साहेबांनी ठरवलं, एका नावाला वीसच अक्षरं.

मी ओरडलो, "आपण आडनाव आधी लिहितो. शेवटी बापाचं नाव कटते! एकाचा मोबदला दुसऱ्याले जाईन. त्यापेक्षा दोन नावांच्या मधात स्वल्पविराम देऊ, नाव कुठं संपलं ते मशीनले समजते, मग नाव कितीही लांब चालते."

"कॉलेज सोडलेला मले शिकवते!" साहेब हसले.

सुनंदा म्हणाली, "गाव माझं बुडून राहिलं, तू काहून भांडून राहिला? साहेब म्हणते तसंच टाक."

सांगा, आता कोणासाठी भांडू?

मी उठलो, बाहेर आलो आणि दार धाडकन ओढून घेतलं.