आप्पांचं लाइट सील

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मुळात दिसलेच नाहीत. लिंबायतमध्ये त्यांच्या घराची वरची खोली मी नुकतीच भाड्यानं घेतली होती, आणि पाण्याच्या मोटारीचं विचारायला खाली गेलो होतो. भर दुपार, सुरतचा उकाडा, आणि खाटेवर एक जाड गोधडी उकिडवी बसलेली. गोधडीच्या आत उजेड हलतोय. मी म्हटलं, "कोणी आहे का?" तर गोधडी ओरडली, "दार लाव, पापी! आत्तेच फट सापडनी व्हती!"

मी दार लावलं. थोड्या वेळानं गोधडीतून घामानं निथळलेले, बनियनवरचे आप्पा बाहेर आले. एका हातात जुना कॅमेरा, दुसऱ्या हातात बोटाएवढी बॅटरी. कॅमेऱ्यात बॅटरी पेटवून ठेवायची, अंधारात बसायचं, आणि उजेड कुठून बाहेर सांडतो ते पाहायचं. जिथून बाहेर येतो तिथूनच आत जातो, असं त्यांचं साधं गणित. "उजेड मोठा चोट्टा शे, भो," ते म्हणाले. "दार उघडं ठेव, येणार नही. बारीक फट दिसनी का घुसना!"

भिकन आप्पा म्हणजे लिंबायतच्या खान्देशी लग्नांचे फोटोग्राफर. डिजिटल आलं तसं काम गेलं, बायको वारली, आणि आप्पा घरी बसून रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांची सीलं बदलायला लागले. या कॅमेऱ्यांचं मागचं दार जिथं मिटतं, तिथल्या खाचेत काळा फोम असतो. तेच सील. वर्षानुवर्षं पडून तो फोम वितळतो, डांबरासारखा हाताला चिकटतो, आणि उजेड आत शिरून फोटोवर लाल पट्टा ओढतो. आप्पा ते डांबर दातकोरण्यानं आणि स्पिरिटनं खरवडायचे, खाचेत काळी लोकर बसवायचे, बिजागरीपाशी मखमलीचा काप. नवी फोमची पट्टी लावायच्या आधी तिची चिकट बाजू चक्क जिभेवरून फिरवायचे, म्हणजे ती लगेच पकडत नाही, सरकवून नीट बसवता येते. गिऱ्हाईकानं तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "तुझ्या बापानं पाकीट काय पाण्यानं चिकटवलं होतं?"

मी कपड्याच्या मार्केटात साड्या दाखवतो आणि नकला करतो. दोंडाईच्याच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाकडून वेळेआधी सुट्टीची बेल वाजवून घेतलेला माणूस आहे मी. आप्पांची नक्कल तर फारच सोपी होती. तोंडात दातकोरणं धरायचं आणि सगळ्या जगावर रागवायचं. ते मला नकल्याच म्हणायचे. "नकल्या, मन्ही नक्कल करस ना? मंग मन्हासारखं काम बी करी दखाड!" मी त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायचो, ते हसायचे, आणि दातकोरणं खाली पडलं म्हणून मलाच शिव्या द्यायचे.

पण या सीलांच्या वेडामागं एक दुखणं होतं, आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांची एकुलती मुलगी ज्योतीताई. तिच्या लग्नाचे फोटो आप्पांनी स्वतः काढले होते. दुसरा फोटोग्राफर? भिकन आप्पांच्या दारात? आणि नेमकं त्या दिवशी कॅमेऱ्याचं सील फुटलेलं. अल्बम धुऊन आला तर हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक फोटोत नवरीच्या तोंडावरून लाल पट्टा. सासरकडच्या एका म्हातारीनं अल्बम पाहून म्हटलं, "बाई, हिच्या डोक्यावर तर आग शे." झालं. तेव्हापासून ज्योतीताई आप्पांच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही.

ती सुरतमध्येच, डिंडोलीला राहते, घरीच साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची. आप्पा त्या दिवशी नवा रोल भरून, शर्टाला इस्त्री करून तयार. ती आली रे आली की, "ज्योती, एकच." ती म्हणायची, "हात पिठाचे आहेत, आप्पा." जेवण झाल्यावर, "ज्योती, आता?" "आता भांडी घासते." संध्याकाळी रिक्षात बसताना आप्पा कॅमेरा डोळ्याला लावायचे तर ती पदर तोंडावर घ्यायची. रोल तसाच. आप्पा आत येऊन गोधडीत शिरायचे आणि तोच कॅमेरा पुन्हा तपासायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, याला आता कुठं फट राहिली?" ते म्हणाले, "तिले अजून भरोसा नही ना."

मधे कॉलेजच्या पोरांत रोलच्या कॅमेऱ्याची फॅशन आली. आजोबांचे कॅमेरे घेऊन पोरं पार वेसूहून गाड्या घेऊन यायला लागली. एक पोरगी म्हणाली, "अंकल, सील मत बदलो ना, वो लाल लाइन रहने दो. मस्त वाइब आता है." आप्पांनी कॅमेरा तिच्या हातात दिला, हात जोडले आणि दार दाखवलं. दिवसभर पुटपुटत होते, "वाइब म्हणे! लोकांच्या लेकीच्या तोंडावर आग लागते, आणि ही म्हणे वाइब!"

पण गिऱ्हाईक वाढतंय म्हटल्यावर आप्पांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आणि दाराबाहेर टांगली. गुजरातीत, ठसठशीत: 'अहीं लाइट सील बदली आपवामां आवशे.' म्हणजे, इथं लाइट सील बदलून मिळेल. मी म्हटलं, "आप्पा, कॅमेरा कुठंय यात?" तर म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळतं."

कळलं ना. वीज खात्याला कळलं. लिंबायतमध्ये लाइट म्हणजे वीज, आणि सील म्हणजे मीटरचं सील, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एका सकाळी दोन साहेब दारात. त्यातला जाडा गोड आवाजात म्हणाला, "काका, लाइटनुं सील तमे बदलो छो?"

आप्पांचा चेहरा असा खुलला! "हां साहेब! पूरा सुरतमां मारा जेवुं कोई ना करे. कंपनीतून आल्यासारखं दिसेल. नवं का जुनं, कोणी ओळखून दाखवावं!"

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. "ने मीटर?"

"मीटरला आपण हात लावत नाही," आप्पा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरबद्दल म्हणाले. "जुनी मीटरं कमीच दाखवतात. दाखवू द्या. आपलं काय जातं?"

"केटला लोकोनुं काम कर्युं?"

"मोजलं कोणी? पार वेसूची मोठ्या घरची पोरं येतात."

बारक्या साहेबानं मोबाईल काढून पाटीचा फोटो घेतला. आप्पा म्हणाले, "उजेड पाठीमागं घ्या साहेब, नाहीतर काळा येईल."

मी जिन्यावर उभा राहून हसत होतो, पण साहेबांनी घरच्या मीटरकडं मोर्चा वळवला, गल्ली गोळा झाली, कोणी म्हणालं, "आता घेऊन जातील," तसं माझं हसू आटलं. मी ज्योतीताईला फोन लावला. ती रिक्षानं धावत आली, बोटांना खड्यांचा गोंद तसाच. तोवर आप्पांनी साहेबांसमोर सगळे कॅमेरे मांडले होते, मागची दारं उघडून. मीटरचं सील शाबूत निघालं, साहेबांना उलगडा झाला, आणि जाडा साहेब पोट धरून खाटेवर बसला. चहा झाला. जाताना पाटी उतरवायला सांगून गेले.

गल्ली पांगली आणि ज्योतीताई फुटली. "काय गरज आहे आप्पा या धंद्याची? माझा जीव जायची वेळ आली!"

आप्पाही चढले. "कोणासाठी करतो मी? तुझ्या लग्नाचा एक फोटो धड नाही म्हणून! तो पट्टा..."

"पट्ट्याचं काय घेऊन बसले? पट्ट्याचं मला कधीच काही नव्हतं!" ज्योतीताई चिडली की अहिराणीत जाते. "मन्हा लगनमा बाप व्हताच नही. फोटोग्राफर व्हता!"

आप्पा उघड्या कॅमेऱ्यांची दारं मिटायला लागले.

"कन्यादान काकांनी केलं. का, तर तुम्हाला फोटो काढायचा होता. अक्षता पडताना तुम्ही खुर्चीवर चढलेले. अख्ख्या अल्बममध्ये तुम्ही एका फोटोत नाही. आणि निघताना मी तुमच्या गळ्यात पडायला आले, तर काय म्हटले तुम्ही? 'मांगे सरक, फोकस जास.'"

इतकी वर्षं हा माणूस गोधडीत बसून फट शोधत होता, आणि ती कॅमेऱ्यात नव्हतीच. मला त्या क्षणी कोणाचाच आवाज काढता आला नसता.

ज्योतीताईनं डोळे पुसले, गोंद गालाला लागला. तिच्यासाठी रोल भरून ठेवलेला कॅमेरा तेवढा आप्पांनी साहेबांसमोर उघडला नव्हता; खाटेवरून तो उचलून तिनं माझ्या हातात दिला. "हा काढेल. तुम्ही इथं या. माझ्या बाजूला."

"हा?" आप्पा दचकले. "याला धरता तरी येतो का? बरं, थांब, शर्ट तर घालू दे."

"नाही."

आप्पा बनियनवर उभे राहिले. आयुष्यभर लोकांचे हात, माना, हनुवट्या जागच्या जागी बसवलेला माणूस, पण स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. कमरेवर ठेवले, मागं नेले, शेवटी ज्योतीताईनंच एक हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. आणि मग सुरू झाले. "नकल्या, वाकडा धरलास. श्वास रोख. अरे, अंगठा काढ पुढून!" मी दाबत गेलो, ते ओरडत गेले. रोल संपेपर्यंत.

रोल मुंबईला धुवायला गेला. फोटो आले तेव्हा पट्टा-बिट्टा कुठंच नव्हता, पण तिकडं कोणी पाहिलंच नाही. सगळ्या फोटोंत आप्पांचं तोंड उघडं.

पुढच्या आखाजीच्या आधीच आप्पा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. भिंतीवर लावायला फोटो हवा तर त्या रोलशिवाय आप्पांचा दुसरा होताच कुठं? त्यातलाच एक ज्योतीताईनं दिला. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरवर कोट चढवतो, तोंड मिटवून देतो, तुम्हाला बाजूला काढतो. कोपऱ्यातला अंगठापण घालवतो."

"काही करू नको," ज्योतीताई म्हणाली. "मोठा कर फक्त."

आप्पांच्या हिशेबानं तो फोटो पार फेल आहे. एक जण बनियनवर, तोंड उघडं, भलत्याच माणसावर ओरडतोय. दुसरी कॅमेऱ्याकडं बघतच नाही, त्याच्याकडं बघून हसतेय. डिंडोलीच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर हार घातलेला तोच आहे. नवीन माणूस हमखास विचारतो, "हे रागवलेत का?" ज्योतीताई सांगते, "नाही हो. ते माझ्याजवळ उभे आहेत."