शेवटाआधी सुटणारी बस

माझ्या आईने आयुष्यात पुष्कळ सिनेमे पाहिले, पण थेटरात एकाचाही शेवट पाहिला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता कंटाळा येतो, कारण दर वेळी सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

आम्ही बोर्डीचे आणि थेटर डहाणूत. तीनचा खेळ सुटायला सहा वाजून जायचे आणि आमच्या बाजूची एसटी त्याआधीच स्टँडवरून निघायची. नंतरची एक गाडी होती, पण ती येईलच असं कंडक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नसे. शिवाय वाडीत दुपारी उतरवलेले चिकू संध्याकाळी निवडून करंड्यांत भरायचे असत. टेम्पो दिवेलागणीला दारात उभा राहायचा, आणि आई नसली तर बाबा कच्चे-पिके एकत्र भरून मोकळे होत. तेव्हा तीच गाडी धरणं भाग होतं. पडद्यावर नायक खलनायकाच्या अड्ड्यात शिरला की थेटरातले बोर्डी-घोलवडचे सगळे एकदम उठायचे. पिशव्यांची खुसफुस, अंधारात पायाने चपला चाचपणं, पोरांना बखोटीला धरणं. मागून कोणीतरी ओरडायचं, "ए बसवाले, खाली वाका." आम्ही वाकूनच बाहेर पडायचो. त्यात अपमान वाटून घ्यायचा असतो हे मला फार उशिरा कळलं.

मग बसमध्ये आई शेवट सांगायची. न पाहिलेला. तिच्या शेवटात कोणी मरत नसे. गोळी खांद्याला चाटून जायची, पोलीस वेळेवर यायचे, आणि सगळं मिटल्यावर मंडळी हातपाय धुऊन जेवायला बसायची. एकदा मी म्हटलं, माझ्या वर्गातली मुलगी सांगत होती की त्यात बहीण मरते. आई म्हणाली, "तिने नीट बघितलं नसेल." आणि घोलवड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मला तिचंच खरं वाटलं.

ते थेटर कधीच बंद पडलं, आता तिथे फरशांचं गोदाम आहे. बाबाही गेले. आई माझ्याकडे, डहाणूजवळ मसोलीला राहायला आली. मला दोन भाऊ आहेत. थोरला म्हणतो, धाकट्याचं घर मोठं आहे. धाकटा म्हणतो, मान थोरल्याचा. दोघेही फोन मला करतात, एकमेकांना नाही. वाडी विकायची की ठेवायची, आईने कुठे राहायचं, हे सगळं माझ्या तोंडून इकडचं तिकडे जातं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे असं दोन्ही भावजयांचं मत आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्याकडे पाहुणी आई, आणि ताटं उचलणारी मी.

मी तलासरीच्या आतल्या एका पाड्यावर शिकवते. सकाळी एसटी, मग जीप, मग चालणं. हल्ली शिकवण्यापेक्षा मोबाइलमध्ये माहिती भरण्याचंच काम जास्त, आणि रेंज येते ती शाळेमागच्या टेकाडावर. तिथे उन्हात उभं राहून कोणी किती खिचडी खाल्ली ते कळवायचं, की झाला दिवस. घरी आलं की स्वयंपाक, आईच्या डोळ्यांत थेंब, आणि भावांचे फोन. रात्री अंग टाकलं तरी झोप येत नाही. डोकं आपलं निरोप पोचवतच राहतं.

आईच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मधलं पुसट झालंय, कडेचं दिसतंय, तेही हळूहळू जाणार. तिला समोरचं काही नीट बघायचं तर पुढे वाकून, मान तिरकी करून कडेने बघावं लागतं. ताटातल्या माशाचा काटासुद्धा ती तशीच शोधते. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "एक पिक्चर शेवटापर्यंत बघायचा राहिला, बाय." तक्रार नव्हती, बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली असं सांगावं तसं तिने सांगितलं. पण मी ते मनावर घेतलं. माझ्या हातात फारसं काही उरलेलं नाही. हे तरी असेल असं वाटलं.

पहिल्यांदा तिला बोईसरला नेलं. दारावरच्या माणसाने पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा काढून घेतल्या. आई त्याला म्हणाली, "तू तरी खा, थंड झाल्यावर मजा नाय." आत गारठा एवढा की तिने पदर डोक्यावरून लपेटून घेतला. जाहिराती संपेचनात, नमनाला घडाभर तेल. पण सिनेमा सुरू झाला आणि ती रंगली. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, कोंबडीसारखी मान तिरकी करून बघत होती. मला फार बरं वाटलं. मग शेवटची मारामारी सुरू झाली आणि तिचा पाय चपला चाचपू लागला.

"चल," ती म्हणाली.

"आई, बस नाही आता. रिक्षा आहे, ती थांबणार आहे."

"माहीत आहे." असं म्हणत ती उठून उभी राहिली होती. मी तिचा हात ओढला. मागचा एक पोरगा म्हणाला, "आजी, बसा नाहीतर बाहेर जा ना." ती बाहेर गेली, वाकून. मागोमाग मी. बाहेरच्या लखलखाटात ती आधी हसली, मग एकदम ओशाळली. "पाय ऐकत नाय," म्हणाली. मी चिडले. एवढी खटपट करून, रजा टाकून, दोघा भावांना त्या दिवशी फोन करू नका म्हणून सांगून, आणि तीही मोकळी नाही, मीही नाही. परतीच्या वाटेवर तिने शेवट सांगितला. मी ऐकून घेतला, पण हसले नाही.

परवाच्या रविवारी मी पुन्हा कंबर कसली. या वेळी वापी. मसोलीतल्याच एकाची गाडी ठरवली, म्हणजे घाईचा प्रश्न नको. खुर्चीत बसल्याबरोबर आईच्या चपला काढून माझ्या पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. ती म्हणाली, "आता काय अनवाणी पळेन?" पण तिने पाय वर घेतले. तिला दिसावं म्हणून आम्ही पडद्याजवळची तिकिटं काढली होती. जागा दाखवणारा पोरगा म्हणाला, "बा, पाछळ बेसो ने, जग्या खाली छे." आईने त्याला गुजरातीतच सांगितलं की मागून मला फक्त उजेड दिसेल. चिकूच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करताना शिकलेली तिची गुजराती अजून चोख आहे.

सिनेमा दोन भावांचा होता. बापाच्या घरावरून भांडण, आणि मध्ये बहीण. ती बिचारी याचा निरोप त्याला, त्याचा याला, पायऱ्या चढते, पायऱ्या उतरते. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असं माझ्या मनात आलं. मध्यंतरात मी आईला विचारलं, "दिसतंय ना?" ती म्हणाली, "ती पोरगी फार दमते बघ." मध्यंतरानंतर थोरला भाऊ काठी घेऊन घराबाहेर आला. आता आई उठणार, म्हणून मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. खुर्ची मऊ होती. गारवा होता. मला एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. एक बाई झाडू घेऊन रांगेरांगेतून सांडलेले पॉपकॉर्न गोळा करत होती. माझं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि आई ताठ बसली होती, फोटो काढायला बसावं तशी. मोबाइलवर दोन्ही भावांचे फोन येऊन गेलेले. मी तिच्या पायांत चपला सरकवल्या आणि तिला धरून बाहेर आणलं. मला लाज वाटत होती, पण समाधानही होतं. मी झोपले तर झोपले. ती शेवटापर्यंत बसली होती.

भिलाड गेलं, हद्द ओलांडून तलासरीत शिरलो, तरी आई काही बोलेना. एरवी तिला इतका दम निघत नाही. शेवटी मीच विचारलं.

"कसा होता शेवट?"

"मी नाय बघितला."

"म्हणजे? तू पण झोपलीस?"

"जागी होते की."

"मग?"

"पुढे वाकले असते तर तुझी मान पडली असती."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "मग उठवायचं ना मला. कशासाठी गेलो होतो आपण?"

"किती दिवसांनी झोपलीस," ती म्हणाली. "तोंड उघडं टाकून. लहानपणी बसमध्ये झोपायचीस तशी."

शाळेकडे वळणारा रस्ता मागे गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण आईकडे बघवेना. रडू येत होतं आणि ते कोणावर काढावं कळत नव्हतं. भावांवर, डॉक्टरांवर, की त्या मऊ खुर्चीवर. तिची नजर पुढच्या सिनेमापर्यंत टिकेल की नाही कोण जाणे, आणि माझ्या अंगात पुन्हा इतकी खटपट करायची ताकद येईल की नाही तेही सांगता येत नाही. पिशवीत मोबाइल थरथरला. मी तो तसाच थरथरू दिला.

"बरं, सांग," मी म्हटलं. "काय झालं शेवटी?"

तिने पदर सारखा केला, बसमध्ये करायची तसा.

"काय व्हायचंय? काठी टाकली त्याने. भाऊ भाऊ भांडले पुष्कळ, पण समोरासमोर भांडले. मग जेवले."

"आणि बहीण?"

"ती दमली होती," आई म्हणाली. "ती आतल्या खोलीत निजली. जेवायलासुद्धा कोणी उठवली नाय तिला."